थोडक्या ब्रिटिश पेन्शनवर वाईला परतावं का?

पाटवडी:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही दोघं लूटनला राहतो. मी १९८६ साली लग्न होऊन आले. हे त्याआधी पाच वर्षं आलेले. यांनी आधी कारखान्यात आणि मग गोदामात नोकरी केली, मी मुलं मोठी झाल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात. टेरेस घर आहे, म्हणजे रांगेतलं, कर्ज फिटलंय. मुलगा मँचेस्टरला, मुलगी लीड्सला. दोघांचेही संसार आहेत, आम्ही कुणाच्या डोक्यावर नाही आणि त्यांनी आमच्या असू नये असं वाटतं.

हे ६८ वर्षांचे. यांना सरकारी पेन्शन आठवड्याला १९८ पौंड मिळतं आणि कंपनीचं महिन्याला २४०. पूर्ण २३०.२५ (२०२५-२६ चा दर) का नाही, असं विचारलं तर मधली बरीच वर्षं 'काँट्रॅक्टेड आउट' होती म्हणाले, म्हणजे त्यातला काही भाग सरकारीऐवजी कंपनीच्या पेन्शनमध्ये जायचा. मला येत्या फेब्रुवारीत ६६ पूर्ण होतील. माझी वर्गणीची (नॅशनल इन्शुरन्सची) २४ वर्षं भरलीत, म्हणून १५८ मिळतील असं कळवलंय. सगळं मिळून महिन्याला १७८० पौंडांच्या आसपास. इथे त्यात भागतं. पण काउन्सिल टॅक्स आणि गॅस-विजेचं बिल भरून झालं की हिवाळ्यात कुठली खोली तापवायची आणि कुठली नाही, यावर आमची बोलणी होतात.

यांना वाईला परत जायचंय. घरचा अर्धा वाडा यांच्या वाटणीला आहे, उरलेल्या अर्ध्यात दीर राहतात. "दोन लाख रुपये महिन्याला! राजासारखे राहू," हे यांचं पालुपद. दीर फोनवर त्याला दुजोरा देतात. गणपती घाट, पहाटेची थंडी, वांग्याची भाजी, सगळं मलाही आठवतं. पण चाळीस वर्षं झाली. मला तिकडे जायची भीती वाटते की इथे राहायची, हेच कळेनासं झालंय.

कुणी असं केलंय का? पैशाचं खरं काय होतं ते सांगा. बाकी मनाचं आमचं आम्ही बघू.

नुसता_वाचक:

वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

हिशेबनीस:

पाटवडीताई, चांगला धागा. मी हॅरोत राहतो, आयुष्यभर हिशेब तपासण्याचंच काम केलं, म्हणून आधी रुक्ष बोलतो.

इंग्लंडचं सरकारी पेन्शन जगात कुठेही मिळतं, पण ते दर वर्षी वाढतं फक्त ठरावीक देशांत. महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढी वाढ देतात, तिला इथे 'ट्रिपल लॉक' म्हणतात. २०२५-२६ चा पूर्ण दर आठवड्याला २३०.२५, एप्रिल २०२६ पासूनचा २४१.३०. ही वाढ युरोपातल्या देशांत मिळते, अमेरिकेत मिळते, फिलिपिन्समध्ये मिळते. भारतात मिळत नाही. तुम्ही कायमचे भारतात गेलात की त्या दिवशीचा आकडा गोठतो. पंधरा वर्षांनीही तोच. कायमचे परत आलात तर पुन्हा चालू दर लागतो. नुसते भेटीला आलात तरी तेवढ्या आठवड्यांपुरता चालू दर मागता येतो, पण मागावा लागतो. आपणहून कुणी देत नाही.

दुसरं, पेन्शन क्रेडिटसारखी जी मदत कमी उत्पन्न असलेल्यांना मिळते, ती देश सोडला की संपते.

कराचं म्हणाल तर भारत-ब्रिटन करारानुसार असं पेन्शन राहत्या देशात करपात्र. सरकारी नोकरीच्या पेन्शनचे नियम वेगळे. भारतात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. तुमचं पेन्शन त्याच्या आत बसेल. तुमच्या यजमानांचं दोन्ही मिळून वर जाईल. त्यासाठी सीएकडे एक तास बसा, इथल्या सल्ल्यावर जाऊ नका. माझ्याही.

तिरकस:

म्हणजे भर इथल्या खजिन्यात टाकली आणि वाढ मिळणार मनिलात. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे गोठलेलं. राणीच्या जुन्या राज्यात राहायला गेलात की शिक्षा, अमेरिकेत गेलात की बक्षीस. यावर कुणी कोर्टात जात कसं नाही?

हिशेबनीस:

@तिरकस, गेले की. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अ‍ॅनेट कार्सन गेल्या होत्या. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट) हरल्या. मग बाकीच्या पेन्शनरांसोबत स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टात गेल्या, तिथे मोठ्या पीठासमोर २०१० मध्ये ११ विरुद्ध ६ अशा मतांनी हरल्या. म्हणजे कोर्टाची वाट संपली. राहिली पार्लमेंटची, आणि लांब गेलेल्या म्हाताऱ्यांची मतं कुणाला लागतात?

भोरकर:

एवढं रडगाणं कशाला? पेन्शन पौंडात गोठतं, रुपयात नाही. २००८ च्या सुमाराला पौंड ८० च्या घरात होता, २०२५ च्या उत्तरार्धात ११५-१२०. रुपया घसरतोच आहे, घरबसल्या वाढ मिळते. माझे मामा भोरला मजेत आहेत.

अंबाबाईची_लेक:

भोरकर, मामांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना एकदा विचारा, मुलगा किती पाठवतो.

पाटवडी, मी कोल्हापुरात २००८ पासून राहते. बर्मिंगहॅमला हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करत होते. तेव्हा बायकांना साठीला पेन्शन मिळायचं. त्या वर्षी जुन्या नियमातलं पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला ९०.७० होतं. माझी वर्षं कमी, मला ६१ मिळाले. आजही माझे स्वतःचे ६१च मिळतात. तेच पूर्ण बेसिक २०२५-२६ मध्ये १७६.४५ झालं, म्हणजे तिथेच राहिले असते तर ११८च्या वर गेले असते.

रुपयात सांगते, कारण बाजारात मी रुपयेच देते. २००८ साली महिन्याला साधारण २१ हजार पडायचे, आज ३१ हजार पडतात. आता बाईचं सांगते. तेव्हा धुणीभांडी करायला ४०० घ्यायची, आज २२०० घेते, आणि रविवारी येत नाही. माझ्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचं बिल वेगळंच. रुपया घसरतो तशी महागाईही काही बसून राहत नाही. पेन्शन वाढत राहिलं असतं तर आज महिन्याला ६० हजार मिळाले असते. हे मी वहीच्या मागच्या पानावर दर एप्रिलला लिहिते. उगीच. त्रास करून घ्यायला.

तरीही पहिली आठ वर्षं सोन्यासारखी गेली, हे खोटं सांगणार नाही. दोघांची पेन्शनं होती, यांचं माझ्यापेक्षा चांगलं. रंकाळ्यावर फिरायला जायचो, रविवारी तांबडा-पांढरा, दोनदा चारधाम झाला. मग हे गेले, आणि त्या महिन्यापासून घरात एकच पेन्शन. म्हातारपणाचा हिशेब सगळे दोघांचा मांडतात. तू एकीचा मांड. यांचं पेन्शन यांच्याबरोबर जाईल असं धरून चाल, कंपनीच्या पेन्शनमधला निम्मा वाटा बायकोला असतो का ते लेखी विचारून घे. आमच्या वेळी जुन्या नियमात नवऱ्याच्या पेन्शनमधलं थोडं वारसाने मिळायचं, म्हणून मी तरले. तुमच्या नव्या पेन्शनमध्ये तेही फारसं उरलेलं नाही.

आणि बाई मिळते गं. दिवसाची मिळते. पडून कंबर मोडली तेव्हा रात्रीची मिळेना. पुतणी येऊन झोपायची.

पाटवडी:

@अंबाबाईची_लेक, ताई, तुमचं वाचून रात्रभर झोप नाही. पण बरं झालं सांगितलंत. सकाळी कागद घेऊन बसले. हे नसताना माझे १५८ आणि कंपनीचे निम्मे, म्हणजे महिन्याला ८०५ पौंड. आजच्या दराने ९४ हजार. आज वाईत पुरतील, पंधरा वर्षांनी काय? यांना दाखवलं तर म्हणाले, "मी आधी जाणार हे तू ठरवूनच टाकलंस." मग चहा झाला आणि विषय संपला.

एक विचारायचं राहिलं. आम्ही जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ, असं यांचं म्हणणं आहे. घर भाड्याने देऊ, विकायचं नाही. मी १९९८ साली ब्रिटिश नागरिक झाले. यांनी पासपोर्ट बदललाच नाही. आजही भारतीय पासपोर्ट आणि इथे कायम राहण्याचा शिक्का. यात काही अडचण नाही ना?

हिशेबनीस:

अहो ताई, हे आधी सांगायचं होतं!

तो कायम राहण्याचा शिक्का, म्हणजे आयएलआर, नावातच फक्त कायम आहे. सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलात की तो संपतो. मग परत यायला रिटर्निंग रेसिडेंट म्हणून व्हिसा मागायचा, आणि तो मिळेलच असं नाही. म्हणजे तीन वर्षांनी वाईत नाही जमलं तर तुम्ही विमानात बसाल आणि ते विमानतळावर हात हलवतील.

जाण्याआधी नागरिकत्व घ्या. तुम्ही ब्रिटिश आहात, त्यामुळे नवरा म्हणून त्यांना तीन वर्षांच्या वास्तव्याचा नियम लागतो. त्या तीन वर्षांत २७० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नको, शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त नको. वय ६५ च्या वर असल्याने 'लाइफ इन द यूके' परीक्षा आणि इंग्रजीची अट माफ. फी भरमसाट आहे, शपथविधी धरून १७०० पौंडांच्या वर जाते. पण ते दार उघडं ठेवायचं भाडं आहे असं समजा. शिवाय जुना कागदी शिक्का असेल तर त्याचा ई-व्हिसा करून घ्या, तेही आता लागतं.

नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट सरेंडर आणि मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर आयुष्यभर वाईत राहा.

आणि घर भाड्याने देऊन बाहेर राहिलात तर नॉन-रेसिडेंट लँडलॉर्डचा नियम लागतो. अर्ज करून परवानगी घेतली नाही तर एजंट भाड्यातून २० टक्के कर आधीच कापतो.

पाटवडी:

यांना विचारलं. रागावले नाहीत. पण म्हणाले, पासपोर्ट दिला तर मेणवलीकडची जमीन जाईल. सातबाऱ्यावर नाव आहे. वडिलांनी ऊस घालून राखलेली दीड एकर. "इथे येऊन चाळीस वर्षं झाली, पण सातबाऱ्यावरचं नाव गेलं तर मी कुणाचा?" असं बोलले. इतकं वाक्य यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

तलाठ्याचा_पोर:

काकूंना सांगा, काकांची भीती अर्धी खरी आहे. ओसीआय झालं की नवीन शेतजमीन, फार्महाउस विकत घेता येत नाही. पण भारतीय नागरिक असताना वारसाने आलेली जमीन जात नाही, नाव सातबाऱ्यावर राहतं. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. विकायची आहे का? नाही ना. मग दीड एकर जिथे आहे तिथेच राहील.

खरी काळजी वेगळीच आहे. वाटणी लेखी झाली आहे का? फाळणीनोंद आहे की अजून सामाईक सातबारा? भाऊ आज 'राजासारखे राहा' म्हणतो, उद्या पुतणे काय म्हणतील माहीत नाही. नागरिकत्वाचा फॉर्म भरण्याआधी एकदा येऊन हे करून घ्या, पण दिवस मोजून या, वर हिशेबनीसांनी लिहिलेले ९० लक्षात ठेवा. माझ्या वडिलांनी निम्मं आयुष्य भावाभावांच्या हरकतींच्या नोटिसा काढण्यात घालवलं.

मोरिसवाली:

माझं मराठी शाळेतलं आहे, चुका झाल्या तर माफ करा. मी मॉरिशसची. आमचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊसमळ्यावर आले होते. मी तरुणपणी नर्स म्हणून इंग्लंडला गेले, ३१ वर्षं एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) काम केलं, आणि आता परत मॉरिशसमध्ये कात्र बोर्नला राहते. मॉरिशस वाढ मिळणाऱ्या देशांच्या यादीत आहे, म्हणून माझं पेन्शन दर एप्रिलला वाढतं. माझी वॉर्डातली मैत्रीण नागपूरची होती. तिचीही वर्षं तेवढीच, रजासुद्धा आम्ही बरोबर घ्यायचो. ती नागपूरला परतली, तिचं गोठलं. फोनवर आम्ही एप्रिल महिन्यात हा विषय काढत नाही.

इथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. या कधी.

तिरकस:

@मोरिसवाली, तुमच्या मराठीत चुका? निम्म्या मंडळींनी तुमच्याकडे शिकवणी लावावी. पाटवडीताई, वाई राहू दे, मॉरिशसला चला.

फोंडेकार:

माझी गंमत सांगतो. पासपोर्ट पोर्तुगालचा, आजोबांच्या जन्माच्या नोंदीवर मिळालेला. स्विंडनला गोदामात ११ वर्षं रात्रपाळी केली. किमान दहा वर्षं भरली की थोडं तरी पेन्शन लागतं, म्हणून अकरा. माझा वाटा आठवड्याला ७२ पौंडांच्या आसपास. मी फोंड्याला राहतो म्हणून गोठणार. लिस्बनला राहिलो असतो तर दर वर्षी वाढलं असतं. पासपोर्टाला कोण विचारत नाही, राहता कुठे ते बघतात.

पण एक बरं आहे. गोठणं सुरू होतं पेन्शन सुरू झाल्यावर. मी आता ६१, अजून सहा वर्षं. तोपर्यंत दर वाढत जाणार, आणि सुरू होईल तेव्हा त्या वर्षीच्या दराने सुरू होईल. म्हणून माझ्यासारख्या आधीच परतलेल्याला लगेच मार बसत नाही. ताईंच्या यजमानांचं मात्र चालू झालेलं आहे.

लंडनची_चंदा:

इतकी चर्चा झाली आणि मुख्य गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही! पाटवडी, तुमची २४ वर्षं कशी? १९८६ ते आज ३९ होतात. मुलं लहान असताना घरी होतात ना?

१९७८ ते २०१० या काळात १६ वर्षांखालच्या मुलासाठी चाइल्ड बेनिफिट (मुलांचा सरकारी भत्ता) घेणाऱ्याला 'होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन' मिळायचं. नव्या पेन्शनमध्ये ती वर्षं भरलेली धरतात. पण मे २००० च्या आधीच्या अर्जांवर अनेक बायकांचा नॅशनल इन्शुरन्स नंबरच नव्हता, त्यामुळे हजारो जणींच्या नोंदीत ही वर्षं रिकामी आहेत. सरकारने स्वतः कबूल केलंय आणि पत्रंही पाठवली. पत्राची वाट बघू नका. ऑनलाइन नोंद उघडा, रिकामी वर्षं मोजा आणि सीएफ४११ नावाचा फॉर्म भरा.

आपल्या बायकांचा आणखी एक घोळ म्हणजे चाइल्ड बेनिफिट नवऱ्याच्या नावावर असायचं, कारण बँक खातं त्याचं. नवरा तेव्हा नोकरीत असेल आणि त्याला ते प्रोटेक्शन लागत नसेल, तर ती वर्षं बायकोच्या नावावर करून घेता येतात. त्याच फॉर्मवर.

एकेका वर्षाला आठवड्याचे साडेसहा पौंड धरा. आठ-दहा वर्षं सापडली तर तुमचं १५८ दोनशेच्या वर जाईल. आणि वाईत गोठायचंच असेल तर निदान मोठ्या आकड्यावर गोठा.

अंबाबाईची_लेक:

चंदा, हे मला २००८ मध्ये कुणी सांगितलं असतं तर. माझीही सात वर्षं रिकामी आहेत. आता उपयोग आहे का?

लंडनची_चंदा:

आजी, आहे! जुन्या नियमातल्या बायकांसाठीही आहे, उलट त्यांचंच जास्त राहिलंय. मागची थकबाकीही मिळते. नातवाला बसवा आणि आजच बघा.

नुसता_वाचक:

चंदाताई, बायकोची नोंद आत्ता उघडली. सहा वर्षं रिकामी. धन्यवाद. ती शेजारी बसून माझ्याकडे बघतेय, चाइल्ड बेनिफिट माझ्या नावावर होतं.

सांगलीचा_गोट्या:

आरोग्य विम्याचं कुणी बोललं नाही. आईवडील २०२४ मध्ये नॉटिंगहॅमहून सांगलीला आले. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरच्यांना नवा विमा नाकारण्याची जुनी वयाची अट गेली, त्यामुळे मिळाला. पण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षं थांबायचं होतं. बाबांचं हृदयाचं जुनं दुखणं. दीड वर्षात अँजिओप्लास्टी लागली, साडेतीन लाख खिशातून. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला म्हणून हप्ता थोडा हलका झाला, एवढंच. त्या तीन वर्षांचे पैसे वेगळे काढून ठेवा, पेन्शनमधून होणार नाहीत.

आणि इंग्लंडला जाऊन एनएचएसमध्ये करून घेऊ, हे विसरा. पासपोर्टवर नाही, तिथे कायम राहता की नाही त्यावर ठरतं. भेटीला गेलेल्याला इमर्जन्सीत बघतात, पण पुढच्या उपचारांचं बिल हातात येतं.

भोरकर:

मामांना विचारलं. मुलगा महिन्याला पंचवीस हजार पाठवतो.

अंबाबाईची_लेक:

:)

पाटवडी:

सगळ्यांचे आभार. एवढं लांब चालेल असं वाटलं नव्हतं.

नोंद उघडली. नऊ वर्षं रिकामी, १९८८ ते १९९७. दोन्ही मुलं त्यातलीच. चाइल्ड बेनिफिट यांच्या नावावर होतं. सीएफ४११ भरला, यांची सही घेतली, टपालात टाकला.

आता यंदा कायमचं जायचं नाही असं ठरलंय. यांचा नागरिकत्वाचा अर्ज आधी. तो होईपर्यंत वाडा आणि जमीन दोन्हींची वाटणी लेखी करायला मार्चमध्ये पाच आठवडे जाऊन येणार, दिवस कॅलेंडरवर मोजून ठेवलेत. त्यानंतर थंडीचे चार महिने वाईत, बाकीचे इथे, असं दोन-तीन वर्षं करून बघू. राहणं इथलंच धरलं जाईल, पेन्शनही वाढत राहील. दिराला फोनवर फाळणीनोंदीचं सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. तलाठ्याचा_पोर, तुम्ही म्हणाला होतात तेच.

यांना अजून पटलेलं नाही. काल रात्री अर्जाची पहिली दोन पानं भरली आणि 'जन्मस्थळ' आल्यावर उठून बाहेर गेले.

निपाणीकर:

थोडं अवांतर. काकांना हयातीच्या दाखल्याचा फॉर्म आला आहे, तो वेळेत परत गेला नाही तर पेन्शन थांबतं म्हणे. साक्षीदार म्हणून आमचे बंधू चालतील का? सरपंच आहेत.

अंबाबाईची_लेक:

बंधू नकोत, नात्यातलं माणूस चालत नाही. मी दर वेळी बँकेच्या मॅनेजरकडून घेते, शिक्क्यासकट. फॉर्मचा फोटो काढून ठेव आणि रजिस्टरने पाठव. माझा एकदा वाटेत हरवला, तीन महिने पेन्शन बंद होतं आणि पुतणीकडून उसने घ्यावे लागले.

आणि चंदा, नातू आलाय. नोंद उघडतोय.